पंधरा सहस्रांश इंच

१. प्रश्न

“आमच्या गाडीचे बॉनेट उघडले की आत एक काळे झाकण दिसते, ते पाहून आम्ही बॉनेट पुन्हा लावून टाकतो, मग विलायतेतील ही मंडळी पन्नास-साठ वर्षांची स्पोर्ट्‌स मोटार घराच्या अंगणात सोडवून पुन्हा बांधतात, ती कशी?” हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी मला विचारला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात दोन समजुती ठाण मांडून बसलेल्या आढळल्या. असे धाडस करणारा मनुष्य शिक्षणाने यंत्रज्ञ असला पाहिजे, ही एक. आणि त्याच्या पदरी अमाप पैसा असला पाहिजे, ही दुसरी. वस्तुतः अशा मालकांत शाळामास्तर असतात, बँकेतील कारकून असतात, पेन्शनीत निघालेले पोस्टमन असतात. आणि नित्याच्या कामाची त्यांची हत्यारे एका मध्यम आकाराच्या पेटीत मावतात. त्यांना जे साधते त्याचे श्रेय त्यांच्या हातांइतकेच गाडीच्या रचनेला आहे, म्हणून आधी ती रचनाच समजून घेऊ.

उदाहरणादाखल एकच गाडी घेतो: एम.जी.बी. इंग्लंडमध्ये थेम्स नदीकाठच्या अ‍ॅबिंग्डन गावी १९६२ पासून ऑक्टोबर १९८० पर्यंत ही दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार तयार होत असे. १९६५ मध्ये तिला पक्क्या छपराची एक धाकटी बहीणही लाभली. दोघी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस रवाना झाल्या. नाव स्पोर्ट्‌स मोटारीचे असले तरी तिची प्रकृती संसारी होती. तिचे १,७९८ घन सेंटिमीटरांचे इंजिन त्याच कंपनीच्या साध्या, कुटुंबवत्सल गाड्यांत बसणाऱ्या ‘बी-सीरीज’ घराण्यातले. आणि त्याच घराण्यातील १,४८९ घन सेंटिमीटरांचे इंजिन आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे धावले. मंत्र्यांच्या बंगल्यापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत उभ्या असणाऱ्या त्या गाड्यांचे टॅपेट ज्या मिस्त्र्याने बसवले असतील, त्याच्यापुढे एम.जी.बी.चे बॉनेट उघडले, तर परमुलखात आपल्या गावचा मनुष्य भेटावा तसे त्याला वाटेल.

२. एका इंचाचे हजार भाग

या गाडीची देखभाल म्हणजे मुख्यतः काही फटींची राखण होय. कोठे दोन धातूंमध्ये थोडी जागा असावी लागते, आणि ती जागा ठरल्या मापाची असावी लागते. गाडी चालता चालता ती कमी-जास्त होते आणि मालकाने ती वेळोवेळी पूर्ववत करायची असते. माप दिलेले असते ते इंचाच्या हजाराव्या भागांत. टॅपेटची फट १५ सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर, पॉइंटची १४ ते १६, स्पार्क प्लगची २५. पंधरा सहस्रांश म्हणजे किती, हे डोळ्यांपुढे आणायचे असेल, तर जाड कागदाची एखादी भारदस्त लग्नपत्रिका हातात घ्यावी. साधारण तेवढेच.

हे मापण्याचे साधन म्हणजे फीलर गेज. चाकूच्या पात्यांसारख्या पातळ पोलादी पट्ट्यांची ही जुडी असते आणि प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली असते. हव्या त्या जाडीचे पाते फटीत घालायचे आणि ओढून पाहायचे. ते सळसळत निघाले तर फट मोठी आहे, रुतून बसले तर लहान आहे; पोथीच्या पानांतून खुणेची पट्टी ओढावी तसे किंचित घासत निघाले म्हणजे माप बरोबर. डोळ्यांपेक्षा बोटांनी करण्याचे हे काम आहे, आणि दोन-चार वेळा केल्यावर ते कोणालाही येते, असे माझे ठाम मत आहे.

हत्यारांविषयी एक इशारा मात्र येथेच नोंदवून ठेवतो. गाडी इंचांच्या राज्यातली आहे. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला आपल्याकडील १३ चा पाना लागतो खरा, पण लागल्यासारखा लागतो, आणि नट गंजून घट्ट झालेला असला की पाना सटकून नटाचे कोपरे मारले जातात. पुढे तो नट छिन्नीने कापून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

३. नवाची बेरीज

आता पहिली फट. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा असतात, एक हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारी व दुसरी जळालेला वायू बाहेर सोडणारी. चार सिलिंडरांच्या मिळून आठ. खाली फिरणाऱ्या दांड्यावरील उंचवटा एका सळईला वर ढकलतो, सळई एका तरफेचे एक टोक उचलते, आणि तरफेचे दुसरे टोक झडपेला खाली दाबून उघडते. विहिरीवरच्या ओकतीचीच ही धाकटी आवृत्ती आहे. या तरफेचे टोक आणि झडपेचा माथा यांच्यामध्ये पंधरा सहस्रांशांची फट ठेवायची असते, आणि त्यालाच मिस्त्री लोक टॅपेट बसवणे म्हणतात.

फट हवीच कशाला? सुतार दार बसवताना चौकटीशी थोडी मोकळीक ठेवतो, कारण आषाढात लाकूड फुगणार हे त्याला ठाऊक असते. इंजिनात पाऊस नसला तरी आग असते, आणि तापलेली झडप लांबीने वाढते. मोकळीक ठेवली नाही, तर वाढलेल्या झडपेला तरफ कायम दाबून धरते, झडप आपल्या आसनावर पुरती टेकत नाही, आणि त्या चिरेतून निसटणारा धगधगीत वायू तिची कडा जाळून टाकतो. उलटपक्षी फट अधिक झाली, तर तरफ झडपेवर आपटून टिकटिक करते. म्हणून जाणता मनुष्य वाजणाऱ्या टॅपेटला फारसा भीत नाही. गप्प झालेल्या टॅपेटची त्याला धास्ती वाटते.

थोडा हिशेब करून पाहू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला १,५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा उघडते. तासाभराच्या प्रवासात नव्वद हजार उघडझापी झाल्या. एवढ्या माऱ्याने फट बदलते यात नवल नाही. हजारो मैल ती फारशी बदलत नाही, हेच नवल.

फट मोजायची ती त्या झडपेखालचा उंचवटा पूर्णपणे पाठमोरा असताना आणि इंजिन थंड असताना. पण उंचवटा तर इंजिनाच्या पोटात दडलेला. तो पाठमोरा आहे हे बाहेरून ओळखायचे कसे? याचे उत्तर ‘नवाची बेरीज’ या युक्तीत आहे. आठ झडपांना पुढून मागे १ ते ८ असे क्रमांक द्यावेत. इंजिन हाताने फिरवीत राहावे आणि ८ क्रमांकाची झडप पूर्ण दाबली गेली की १ क्रमांकाची फट मोजावी. ६ दाबली असता ३ ची. ४ दाबली असता ५ ची. ७ दाबली असता २ ची. जी उघडी आहे तिचा क्रमांक नवातून वजा करावा, जे उरेल त्याची फट मोजावी. यामागे जादू नाही. सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात, त्यामुळे पहिला व चौथा, तसेच दुसरा व तिसरा सिलिंडर एकमेकांपासून बरोबर अर्धे आवर्तन दूर असतात. शिवाय झडपांची मांडणी पुढून पाहा वा मागून, आरशातल्यासारखी सारखीच. म्हणून एकीचा उंचवटा माथ्यावर असतो तेव्हा तिच्या जोडीदारणीचा नेमका पाठमोरा असतो.

ही युक्ती मी पुस्तकात वाचण्याच्या पुष्कळ आधी साताऱ्यात पाहिली होती. आमच्या मामांच्या अ‍ॅम्बॅसडरचे काम करणारे मिस्त्री गाडी चौथ्या गिअरमध्ये घालून मला मागून ढकलायला लावीत, आणि झाकण काढलेल्या इंजिनावर वाकून म्हणत, “थांब रे बाळ! आठ बसला. आता एक बघू.” आठ आणि एक नऊ, सहा आणि तीन नऊ, हे ते पाढा म्हटल्यासारखे पुटपुटत, आणि मामा ओसरीवरून विचारीत, “मिस्त्री, आज जमाखर्च जुळतोय का?” मिस्त्री शाळेत चौथीपुढे गेले नव्हते. नवातून वजाबाकी करायला तेवढे शिक्षण पुरते.

४. ठिणगी

दुसरी आणि तिसरी फट विजेच्या खात्यातली आहे. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. ही वाढ कशी होते, हे समजायला घरचा नळ पुरेसा आहे. पाणी जोरात वाहत असता नळ फटकन बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन वाजतो, कारण वाहत्या पाण्याचा वेग एकाएकी अडला की दाब क्षणभर कितीतरी पटींनी चढतो. कॉइल नावाच्या तारेच्या गुंडाळीतून वाहणारी वीज अशीच एकाएकी तोडली की असाच दाब चढतो. तोडण्याचे काम पॉइंटकडे असते: डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली एकमेकांना टेकलेली दोन इवलाली टोके, आणि त्यांना दर ठिणगीस विलग करणारा चौकोनी दांडा. ३,००० फेऱ्यांना ती सेकंदाला शंभर वेळा विलग होतात.

टोकांना विलग करणारी टाच दांड्यावर घासून झिजते, तसतशी फट आक्रसते. फट आक्रसली की टोके उशिरा सुटतात, ठिणगी उशिरा पडते, आणि चढावर गाडी धापा टाकू लागते. मालक टोपी काढतो, पंधराचे पाते घालतो, एक स्क्रू ढिला करून फट पूर्ववत करतो, आणि टाचेला तिळाएवढे ग्रीस लावतो. अर्ध्या तासाचे काम. अलीकडे पुष्कळांनी पॉइंट काढून त्या जागी झीज नसलेली इलेक्ट्रॉनिक जुळणी बसवली आहे, आणि तीत मला काही पाप दिसत नाही. मात्र शहाणे लोक जुने पॉइंट व कन्डेन्सर डिकीत ठेवतात, कारण इलेक्ट्रॉनिक डबी रस्त्यात मेली तर ती फीलर गेजने जिवंत होत नाही.

विजेच्या खात्याची एक विक्षिप्त बाब सांगितल्यावाचून पुढे जाणे उचित होणार नाही. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असे, आजच्या रिवाजाच्या अगदी उलट. आणि बॅटरीही एक नसून आसनांच्या मागे झाकणाखाली ठेवलेल्या सहा-सहा व्होल्टच्या दोन असत. ज्याला हे ठाऊक नाही त्याने हौसेने नवा रेडिओ जोडला, तर पहिले गाणे ऐकण्यापूर्वीच रेडिओची राख होते.

५. चामड्याच्या भात्याचे वंशज

कार्ब्युरेटर म्हटला की हौशी मनुष्याची छाती दडपते. एम.जी.बी.वर तर बहुधा दोन असतात, एस.यू. जातीचे. ‘एस.यू.’ म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर हे पादत्राणांच्या व्यापारातले लंडनचे घराणे. त्यातील भावांनी विसाव्या शतकाच्या आरंभी जो कार्ब्युरेटर काढला, त्यात हवेच्या ओढीने वर-खाली होणारा भाता चामड्याचा होता. पुढे चामडे जाऊन धातूचा दट्ट्या आला, कल्पना तीच राहिली: इंजिनाने जितकी हवा ओढावी तितका दट्ट्या वर उचलला जातो, त्याच्या बुडाशी लावलेली निमुळती सुई तितकी छिद्रातून वर येते, आणि छिद्र मोकळे होऊन त्या प्रमाणात पेट्रोल मिळते. घेणाऱ्याच्या भुकेप्रमाणे वाढणारी पळी आपोआप मोठी व्हावी, तसा हा प्रकार. दट्ट्याने उगाच उड्या मारू नयेत म्हणून त्याच्या माथ्यावरच्या नळीत थोडे पातळ तेल घालतात. ते आटले की वेग वाढवताना गाडी ठेचकाळते, आणि नवखा मालक सगळा कार्ब्युरेटर उकलून बसतो, वास्तविक त्याला चमचाभर तेल पुरले असते.

मिश्रण बरोबर आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून दट्ट्या खालच्या खुंटीने किंचित, मिलिमीटरहून कमीच, उचलावा. वेग ठळकपणे वाढला तर पेट्रोल जास्त. इंजिन लगेच मंदावले तर कमी. क्षणभर जरासा वाढून पुन्हा स्थिरावला तर बरोबर. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात की नाही, हे पाहायला रबरी नळीचा एक तुकडा घेऊन एक टोक कानाशी व दुसरे एकेकाच्या तोंडाशी धरतात. दोन्हीकडचा फुत्कार एका सुराचा झाला की झाले. तंबोरा लावणाऱ्यांच्या देशात हे काम कोणाला अवघड जाऊ नये.

६. हे शिकवले कोणी?

ही विद्या गुरुमुखातून चालत आली असती, तर चार गॅरेजांपलीकडे गेली नसती. १९६५ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलातील जॉन हेन्स हे अधिकारी एडनला असता त्यांच्या एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट घेतली. ही छोटी स्पोर्ट्‌स मोटारही अ‍ॅबिंग्डनलाच बांधली जाई. कारखान्याची दुरुस्ती-पुस्तिका सामान्य मालकासाठी लिहिलेलीच नाही, हे ध्यानात येताच हेन्स यांनी इंजिन उकलताना आणि बांधताना पायरीपायरीने छायाचित्रे घेतली, आणि १९६६ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले. पहिल्या आवृत्तीच्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत खपल्या. पुढे शेकडो गाड्यांवर अशी पुस्तके निघाली, आणि प्रत्येकासाठी ती गाडी आधी खरोखरच सोडवून पुन्हा बांधायची, हा या मालिकेचा दंडक होता.

पुस्तकात एक वाक्य वारंवार येते, ‘जोडणी उलट क्रमाने करावी’, आणि ते वाचून मनुष्य निर्धास्त होतो. पण गंजलेला बोल्ट तुटून आटे आतच राहिले, तर उलट क्रम म्हणजे काय, हे पुस्तक सांगत नाही. एक गोष्ट मात्र सगळी पुस्तके सांगतात आणि मीही सांगतो: नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये; खाली पोलादी घोड्या लावाव्यात. विटा लावू नयेत, कारण वीट आधी कुरकुरत नाही, एकदम फुटते.

७. उभ्या गाडीची दुखणी

मायलेज फार झाले म्हणून गाडी म्हातारी होते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. अनुभव असा की, हौशी मालकाची गाडी पळून झिजण्यापेक्षा उभी राहून अधिक बिघडते. ब्रेकचे द्रव हवेतील ओल शोषते आणि ब्रेकचे दट्टे आतल्या आत गंजून जाम होतात. म्हणून ते द्रव साधारण दोन वर्षांनी बदलावे. पेट्रोल शिळे होते. त्यात सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये सर्वसाधारण पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळू लागले (आपल्याकडे हे प्रमाण वीसपर्यंत गेले), आणि त्या काळच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. नळ्या मऊ पडून चिरतात आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकू लागते. नळ्या बदलणे हे स्वस्त काम आहे, आणि ते पुढे ढकलण्यासारखे नाही.

पेट्रोलचा पंप मागच्या चाकाजवळ असतो. चावी फिरवली की तो टकटक करून कार्ब्युरेटरची कुंडी भरतो आणि मग गप्प बसतो. फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत त्याची विद्युत्‌टोके काजळतात आणि टकटक ऐकूच येत नाही. अशा वेळी मालक खाली उतरून, इकडेतिकडे पाहून, पान्याच्या मुठीने पंपाला एक टपली मारतो. पंप चालू होतो. हा उपाय कोणत्याही अधिकृत पुस्तिकेत नाही.

उभ्या गाडीचे इंजिन आठवड्यातून पाच मिनिटे चालू करून बंद करण्याचा रिवाज पुष्कळ घरांत आहे आणि तो घातक आहे. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून लोकांना अचंबा वाटतो. परंतु पेट्रोलातील हायड्रोजन हवेतील प्राणवायूशी संयोग पावला की दुसरे काय होणार? तापलेल्या गाडीत ते वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही, वाफ आतच निवते, आणि पत्रा आतून कुजतो. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालवावी, नाही तर हात लावू नये.

८. दाराची फट

इथवर ज्या फटी पाहिल्या त्या मालकाच्या हातातल्या होत्या. शेवटची तशी नाही.

एम.जी.बी.ला स्वतंत्र लोखंडी सांगाडा नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून तिचे शरीर उभे केलेले आहे. टप उघडा असल्याने वरून आधार शून्य, म्हणून दारांखालून जाणारी पेटी, जिला सिल म्हणतात, तीच गाडीचा कणा. ही पेटी अनेक पत्र्यांची असून आत पोकळ आहे. पोकळीत पाणी व चिखल शिरतो, विलायतेत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकलेले मीठही शिरते, आणि कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको, मीठ आणि लोखंड यांचा संसार फार दिवस चालत नाही. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि आतला कणा पिठासारखा झालेला असतो.

गंजाचा हा मामला इतका सार्वत्रिक की, मूळ साचे शोधून १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एम.जी.बी.ची कोरी शरीरेच तयार करण्यास आरंभ केला. कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी ही गाडी पत्र्यानिशी नव्याने जन्मू लागली. सरकारनेही एक सवलत दिली आहे: मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. गाडी रस्त्यालायक ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते. तपासणारा डोळा तेवढा सरकारी राहिला नाही.

तो डोळा दाराच्या फटीकडे लावावा. सिल खचली की चाकांच्या मधला भाग खाली लवतो, आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या बाजूला चिंचोळी होते. गाडी विकत घेताना जाणते लोक इंजिन ऐकण्याआधी या फटीवरून वरून खाली बोट फिरवतात. आणि ज्याला सिल बदलायची आहे, तो जुना पत्रा कापण्याआधी दाराच्या पोकळीत आडवी लोखंडी पट्टी वेल्डिंगने टाचून घेतो, कारण कणा कापताच गाडी दुमडू लागते, आणि दुमडलेल्या अवस्थेत नवी सिल बसवली तर ती दुमड जन्माची राहते. हे वेल्डिंग ज्याला सफाईने येत नाही त्याने येथे थांबून कारागीर गाठावा. यात कमीपणा नाही.

मग कापणे, घासणे, टाचणे, पुन्हा मापणे, असे कित्येक शनिवार जातात. पट्टी काढण्याची वेळ येते तेव्हा मालक आधी दार हळूच ढकलून लावतो, गुडघ्यांवर बसतो, आणि खिशातून मोजपट्टी काढून वरच्या व खालच्या फटीशी आळीपाळीने धरतो.